विद्वच्चर्चेचे न्याय्य नियमन : संविधान सभेपासून जनसुनावणीपर्यंत

(स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित पाठ)



आपल्यापैकी बहुतेक जण कोणत्या ना कोणत्या अभ्यासमंडळात सहभागी होत असाल. एखादा प्रश्न चर्चेला घ्यावा, प्रत्येकाने आपले वाचन मांडावे, मतभेदांतून विषय स्पष्ट व्हावा, असा या मंडळांचा हेतू असतो. प्रत्यक्षात काय घडते, तेही आपण पाहिले असेल. दोन-तीन जण बोलत राहतात, उरलेले ऐकत राहतात आणि हळूहळू येईनासे होतात. वाद विषयावरून व्यक्तीवर घसरतो. समन्वयकाने कोणाला थांबवले, तर पक्षपाताचा आरोप होतो. न थांबवले, तर दुबळेपणाचा. तेव्हा अभ्यासपूर्ण चर्चेचे नियमन कसे असावे, ते न्याय्य केव्हा ठरते, आणि त्याची जबाबदारी कोणावर असते, या तीन प्रश्नांचा आज विचार करू.

अर्थशास्त्राच्या शिक्षकाने हा विषय का निवडावा, असे कोणास वाटेल. पण दुर्मिळ गोष्टींचे न्याय्य वाटप आणि त्यासाठी उभारलेल्या संस्था हा अर्थशास्त्राचा मूळ विषय आहे. चर्चेतील वेळ, लक्ष आणि परस्परविश्वास या तिन्ही गोष्टी दुर्मिळ आहेत. शिवाय आपल्यापैकी अनेकांना पुढे सार्वजनिक कामकाजाचे अध्यक्षपद भूषवावे लागणार आहे. तेथे चर्चा बिघडली, तर उत्तरपत्रिकेतील गुण जात नाहीत. कोणाची जमीन, कोणाचे पाणी, कोणाचा रोजगार पणाला लागलेला असतो.

वेळ : एक सामाईक संसाधन

एक साधे गणित मांडू. वीस जणांच्या मंडळाला साठ मिनिटे उपलब्ध आहेत. समान वाटणी केली, तर प्रत्येकाच्या वाट्याला तीन मिनिटे येतात. दोघांनी पंधरा-पंधरा मिनिटे घेतली, तर उरलेल्या अठरा जणांना मिळून तीस मिनिटे, म्हणजे प्रत्येकी एक मिनिट चाळीस सेकंद राहतात. जास्त बोलणाऱ्याला त्याची किंमत मोजावी लागत नाही. ती इतर मोजतात. अर्थशास्त्रात यालाच बाह्य परिणाम म्हणतात. चर्चेचा वेळ कुरणासारखा असतो. तो सर्वांना खुला असतो, पण एकाने वापरलेला भाग दुसऱ्याला मिळत नाही.

गॅरेट हार्डिन यांनी १९६८ मध्ये सामाईक संसाधनांच्या शोकांतिकेचा सिद्धान्त मांडला. प्रत्येक जण स्वतःचा लाभ पाहत गेला, तर कुरण उजाड होते, हे त्याचे सूत्र. यावर दोनच उपाय आहेत, असा समज दीर्घकाळ रूढ होता : एकतर शासनाचा अंमल किंवा खासगी मालकी. एलिनॉर ऑस्ट्रम यांनी १९९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या समजाला आव्हान दिले. स्वित्झर्लंडमधील कुरणे, जपानमधील गावजंगले, स्पेनमधील कालवे यांचा अभ्यास करून त्यांनी दाखवून दिले की, वापरकर्ते स्वतःच नियम करून शेकडो वर्षे संसाधन टिकवू शकतात. २००९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल स्मृती पारितोषिक मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला ठरल्या. आपल्याकडे धुळे-नाशिक परिसरातील फड सिंचन पद्धत याच परंपरेतील. तेथेही पाणीवाटपाची व्यवस्था लाभधारक शेतकऱ्यांनी स्वतः उभारली होती.

ऑस्ट्रम यांना टिकाऊ व्यवस्थांमध्ये आढळलेल्या समान वैशिष्ट्यांपैकी चार आपल्या विषयाला थेट लागू पडतात. ज्यांना नियम लागू होणार, त्यांचा नियम ठरवण्यात वाटा असतो. देखरेख करणारा वापरकर्त्यांना उत्तरदायी असतो. दंड सौम्यापासून कठोरापर्यंत पायरीपायरीने वाढतो. आणि तंटा सोडवण्याची सोय जवळची व स्वस्त असते. स्पेनमधील व्हॅलेन्सिया येथील जल न्यायाधिकरणाची बैठक दर गुरुवारी कॅथेड्रलच्या दारात भरते. तेथे निवाडा करणारे पंच शेतकऱ्यांनीच निवडलेले असतात, आणि ज्या कालव्यासंबंधी तक्रार असेल, त्याचा प्रतिनिधी निर्णयात भाग घेत नाही. पाण्याच्या वाटपासाठी आवश्यक ठरलेली ही दक्षता विचारांच्या देवाणघेवाणीला अनावश्यक कशी असेल?

वाद, जल्प आणि वितंडा

चर्चेचे नियमन ही केवळ आधुनिक कल्पना नाही. गौतमाच्या न्यायसूत्रांत चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. सत्याचा निर्णय व्हावा म्हणून प्रमाण आणि तर्क यांच्या आधारे चालतो, तो वाद. केवळ जिंकण्यासाठी, प्रसंगी शब्दच्छलाचाही आश्रय घेऊन केला जातो, तो जल्प. आणि स्वतःचा पक्ष न मांडता समोरच्याचे खंडन तेवढे करायचे, ती वितंडा. वादात पराभव केव्हा मानावा, याची बावीस निग्रहस्थानेही तेथे दिली आहेत. प्रतिज्ञा सोडून देणे, विषयांतर करणे, निरर्थक बोलणे, पुनरुक्ती करणे हे त्यांतील काही दोष. चरकसंहितेच्या विमानस्थानात वैद्यांच्या परस्पर चर्चेचे संधाय संभाषा आणि विगृह्य संभाषा, म्हणजे स्नेहपूर्वक चर्चा आणि विरोधभावनेने केलेली चर्चा, असे दोन भेद केले आहेत.

या वर्गीकरणातील एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. निग्रहस्थाने मत कोणते आहे, हे पाहत नाहीत. मत कसे मांडले आणि कसे राखले, हे पाहतात. पूर्वपक्ष मांडल्याशिवाय सिद्धान्त मांडायचा नाही, ही शिस्तही याच परंपरेची. मात्र परंपरेचा गौरव करताना तिची मर्यादाही सांगितली पाहिजे. त्या सभांत बसण्याचा अधिकारच मूठभरांना होता. नियम कितीही सूक्ष्म असले, तरी बहुसंख्यांना दाराबाहेर ठेवणारी चर्चा न्याय्य म्हणता येत नाही. प्रवेश आणि कार्यपद्धती या दोन्ही कसोट्या एकत्र लावाव्या लागतात. त्या एकत्र लावून पाहण्यासारखे मोठे उदाहरण म्हणजे आपली संविधान सभा.

संविधान सभेचा धडा

९ डिसेंबर १९४६ रोजी संविधान सभेची पहिली बैठक झाली आणि ११ डिसेंबरला डॉ. राजेंद्र प्रसाद यांची अध्यक्षपदी निवड झाली. १३ डिसेंबरला पंडित जवाहरलाल नेहरू यांनी उद्दिष्टांचा ठराव मांडला. त्यावर १६ डिसेंबरला बॅ. मुकुंदराव जयकर यांनी दुरुस्ती सुचवली. मुस्लिम लीग आणि संस्थाने यांचे प्रतिनिधी सहभागी होऊ शकतील, तोपर्यंत ठरावाचा निर्णय लांबणीवर टाकावा, असे त्यांचे म्हणणे होते. सभागृहाचा कल त्यांच्या बाजूने नव्हता. तरीही त्यांना आपली भूमिका सविस्तर मांडता आली.

दुसऱ्या दिवशी, १७ डिसेंबरला, अध्यक्षांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांना बोलण्यास पाचारण केले. आपल्या आधी वीस-बावीस वक्त्यांची नावे असताना आपल्याला बोलावले जाईल, अशी अपेक्षा नव्हती, असे डॉ. आंबेडकरांनी आरंभीच सांगितले. त्या वेळी ते काँग्रेसचे कठोर टीकाकार म्हणून ओळखले जात. त्यांनीही निर्णयाची घाई करू नये, असेच प्रतिपादन केले. अखेर ठरावाचा निर्णय पुढील अधिवेशनापर्यंत थांबला आणि २२ जानेवारी १९४७ रोजी तो संमत झाला.

या प्रसंगातून नियमनाचे एक सूक्ष्म तत्त्व हाती लागते. नावांची रांग पाळणे हा सर्वसाधारण नियम असला, तरी रांग म्हणजेच न्याय नव्हे. एकाच बाजूचे वीस वक्ते ओळीने बोलून झाले, तर एकविसाव्याच्या भिन्न मताला कोणी लक्षपूर्वक ऐकत नाही. भिन्न दृष्टी वेळीच सभागृहासमोर यावी, यासाठी अध्यक्षाला काही स्वेच्छाधिकार हवा. मात्र तो सर्वांदेखत वापरला जावा, आणि त्याचा उपयोग ऐकू न येणारा आवाज ऐकू यावा यासाठी व्हावा; प्रबळ आवाज अधिक प्रबळ करण्यासाठी नव्हे.

दुसरे उदाहरण प्रा. के. टी. शाह यांचे. मुंबई विद्यापीठात अर्थशास्त्राचे प्राध्यापक राहिलेले आणि १९३८ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय नियोजन समितीचे चिटणीस असलेले शाह हे सभेतील चिकाटीचे दुरुस्ती मांडणारे सदस्य. १५ नोव्हेंबर १९४८ रोजी त्यांनी पहिल्या अनुच्छेदात 'धर्मनिरपेक्ष, संघराज्यात्मक, समाजवादी' हे शब्द घालण्याची दुरुस्ती मांडली. डॉ. आंबेडकरांनी कारणे देऊन तिला विरोध केला आणि सभेने ती फेटाळली. पुढे १९७६ मध्ये बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने उद्देशिकेत 'समाजवादी' आणि 'धर्मनिरपेक्ष' हे शब्द आले. कोणाची भूमिका योग्य होती, हा येथे प्रश्न नाही. फेटाळलेले मत आणि फेटाळण्याची कारणे या दोन्हींची नोंद राहिली, म्हणून आजही दोन्ही बाजू वाचून आपण स्वतःचे मत बनवू शकतो, हे महत्त्वाचे.

संविधान सभेची अकरा अधिवेशने झाली, कामकाज १६५ दिवस चालले. मसुद्यावर ७,६३५ दुरुस्त्या सुचवण्यात आल्या. त्यांपैकी २,४७३ प्रत्यक्ष मांडल्या गेल्या. २५ नोव्हेंबर १९४९ च्या समारोपाच्या भाषणात डॉ. आंबेडकरांनी ह. वि. कामत, डॉ. पंजाबराव देशमुख, के. टी. शाह, हृदयनाथ कुंझरू आदी सदस्यांचा आवर्जून उल्लेख केला. या सदस्यांनी प्रश्न उपस्थित केले नसते, तर संविधानामागील तत्त्वे उलगडून सांगण्याची संधी आपल्याला मिळाली नसती, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. तांत्रिक नियमांच्या बळावर काम अडू दिले नाही, याचे श्रेय त्यांनी अध्यक्षांना दिले. ज्यांच्या दुरुस्त्या वारंवार फेटाळल्या गेल्या, त्यांचे ऋण मसुदा समितीच्या अध्यक्षाने मान्य करावे, यातच त्या चर्चेची प्रतिष्ठा दिसून येते.

नियम वर्तनाला, मताला नव्हे

आता नियमांच्या आशयाकडे वळू. पहिला दंडक असा की, नियम वर्तनावर लागू असावा, मतावर नव्हे. लोकसभेच्या कार्यपद्धती नियमांतील नियम ३५२ पाहा. सदस्याने बोलताना दुसऱ्या सदस्याच्या हेतूविषयी किंवा प्रामाणिकपणाविषयी शंका घेणारा व्यक्तिगत आरोप करू नये, असे तो सांगतो. कोणती आर्थिक नीती योग्य मानावी, हे तो सांगत नाही. नियम ३५३ नुसार एखाद्यावर बदनामीकारक आरोप करायचा असेल, तर पूर्वसूचना द्यावी लागते, म्हणजे संबंधितांना चौकशी करून उत्तर देता येते.

दुसरा दंडक स्पष्टतेचा. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६ अ सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी श्रेया सिंघल खटल्यात रद्द ठरवले. 'त्रासदायक', 'गैरसोयीचे', 'अत्यंत आक्षेपार्ह' अशा संदिग्ध शब्दांमुळे नेमके काय निषिद्ध आहे, हे नागरिकाला कळत नाही आणि अधिकाऱ्याला मनमानीस वाव मिळतो, हे त्यामागील एक प्रमुख कारण. चर्चा, पुरस्कार आणि चिथावणी यांत न्यायालयाने भेद केला. मताची चर्चा किंवा पुरस्कार कितीही अप्रिय असला, तरी तो अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या गाभ्यात येतो. चिथावणीच्या पातळीवर गेल्यावर निर्बंधाचा प्रश्न येतो.

अभ्यासमंडळालाही हे लागू पडते. 'अयोग्य बोलू नये' हा नियम नव्हे. ती समन्वयकाच्या हातातील कोरी सही आहे. त्याऐवजी 'व्यक्तीच्या जाती-धर्मावर, लिंगावर, प्रांतावर किंवा भाषेवर शेरा मारू नये', 'आकडेवारीचा स्रोत विचारल्यास सांगावा', 'दुसऱ्याचे लेखन आपले म्हणून मांडू नये', 'एका वेळी तीन मिनिटांपेक्षा अधिक बोलू नये' असे नियम केले, तर त्यांचा भंग झाला की नाही, हे कोणालाही तपासता येते.

अध्यक्षही नियमाखाली

नियमनाची खरी परीक्षा नियम लावणाऱ्याच्या बाबतीत होते. संविधानाच्या अनुच्छेद १०० नुसार अध्यक्षस्थानी असलेली व्यक्ती प्रथमतः मतदान करीत नाही. मते समसमान झाली, तरच निर्णायक मत देते. अनुच्छेद ९६ नुसार लोकसभा अध्यक्षांना पदावरून दूर करण्याचा ठराव विचारात असताना ते पीठासीन राहत नाहीत. मात्र त्यांना सभागृहात बोलण्याचा आणि प्रथमतः मत देण्याचा अधिकार असतो. मते समसमान झाल्यास निर्णायक मताचा अधिकार मात्र त्या वेळी नसतो. म्हणजे संविधान अध्यक्षाचा आवाज काढून घेत नाही, स्वतःच्या प्रकरणातील न्यायाधीशपण तेवढे काढून घेते. ही तरतूद परीक्षेसाठी पाठ करावी, आणि तिच्यातील विवेक आयुष्यासाठी लक्षात ठेवावा.

नैसर्गिक न्यायाची दोन मूलतत्त्वे आपण जाणता : कोणीही स्वतःच्या प्रकरणात न्यायाधीश असू नये, आणि दुसऱ्या बाजूचे म्हणणे ऐकल्याशिवाय निर्णय देऊ नये. ए. के. क्रायपाक खटल्यात (१९६९) भारतीय वन सेवेच्या निवड मंडळातील एक सदस्य स्वतःच उमेदवार होता. आपले नाव विचारात आले, तेव्हा तो मंडळातून बाजूला झाला. पण प्रतिस्पर्ध्यांच्या मूल्यमापनात मात्र सहभागी राहिला. सर्वोच्च न्यायालयाने ही निवड रद्द केली आणि नैसर्गिक न्यायाची तत्त्वे प्रशासकीय निर्णयांनाही लागू होतात, हे स्पष्ट केले. प्रत्यक्ष पक्षपात सिद्ध होण्याची गरज नाही. पक्षपाताची वाजवी शक्यता पुरेशी असते.

यावरून समन्वयकासाठी सोपा नियम निघतो. ज्या वादात आपण स्वतः एका बाजूने उतरलो आहोत, त्या वादापुरते नियमन दुसऱ्याकडे सोपवावे. समन्वयकाने मत मांडू नये, असे मी म्हणत नाही. मत मांडायचे असेल, तर खुर्ची सोडून मांडावे.

दंड पायरीपायरीने, नोंद उघडपणे

नियमभंग झाल्यावर काय करावे? लोकसभेच्या नियमांत येथेही पायऱ्या आहेत. नियम ३७३ नुसार अध्यक्ष गैरवर्तन करणाऱ्या सदस्याला सभागृहाबाहेर जाण्यास सांगू शकतात, आणि तो उरलेल्या दिवसापुरता अनुपस्थित राहतो. नियम ३७४ नुसार अधिक गंभीर प्रसंगी अध्यक्ष सदस्याचे नाव घेतात. निलंबन मात्र सभागृह ठरावाने करते, ते अधिवेशनाच्या उर्वरित काळापेक्षा अधिक असू शकत नाही आणि सभागृह ते ठरावाने मागेही घेऊ शकते. २००१ मध्ये समाविष्ट झालेल्या नियम ३७४ अ नुसार गंभीर गोंधळाच्या प्रसंगी निलंबन आपोआप होते. पण तेही सलग पाच बैठका किंवा अधिवेशनाचा उर्वरित काळ, यांपैकी जे कमी असेल तेवढेच. दंडाला मुदत आहे, आणि परतीचा मार्ग खुला आहे. या नियमांच्या प्रत्यक्ष वापराविषयी मतभेद होतात आणि होत राहतील. त्यांची रचना मात्र अभ्यासण्याजोगी आहे.

त्याहून बोलकी तरतूद नियम ३८० आणि ३८१ यांत आहे. बदनामीकारक, असभ्य, असंसदीय किंवा अप्रतिष्ठाकारक शब्द अध्यक्ष कामकाजातून वगळू शकतात. पण वगळलेल्या जागी तारांकित खुणा राहतात आणि ते अध्यक्षांच्या आदेशाने वगळले, अशी तळटीप दिली जाते. शब्द जातात, ते काढल्याची खूण जात नाही. गुपचूप वगळणे आणि उघडपणे वगळणे यांत नियमन आणि दडपणूक यांच्यातील अंतर सामावले आहे.

उच्च शिक्षणाच्या क्षेत्रातही हे तत्त्व आढळते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या वाङ्मयचौर्यविषयक २०१८ च्या विनियमांत साम्याच्या प्रमाणानुसार चार स्तर केले आहेत. प्रबंधाच्या बाबतीत दहा टक्क्यांपर्यंतच्या किरकोळ साम्याला दंड नाही. दहा ते चाळीस टक्के साम्य आढळल्यास सुधारित लेखन सहा महिन्यांच्या आत सादर करण्याची संधी मिळते. चाळीस ते साठ टक्क्यांसाठी एक वर्ष सुधारित लेखन सादर करण्यास मनाई आहे, आणि साठ टक्क्यांवर नोंदणीच रद्द होते. दोषाच्या प्रमाणात दंड असला, तर दोषी व्यक्तीलाही तो पटण्याची शक्यता वाढते.

दोन चुका, दोन किमती

कोणताही नियामक दोन प्रकारच्या चुका करू शकतो. जे थांबवायला हवे, ते चालू देणे ही एक. जे चालू द्यायला हवे, ते थांबवणे ही दुसरी. संख्याशास्त्र शिकलेल्यांना ही विभागणी परिचित आहे. दोन्ही चुका एकाच वेळी शून्यावर आणता येत नाहीत. म्हणून कोणती चूक अधिक महाग, हे आधी ठरवावे लागते.

अभ्यासाच्या चर्चेत दुसरी चूक अधिक महाग पडते, असे माझे मत आहे. चुकीचे विधान सर्वांसमोर झाले, तर कोणीतरी ते खोडून काढते. योग्य विधान मात्र उच्चारण्यापूर्वीच थांबले, तर काय गमावले, हे कोणालाच कळत नाही. त्या नुकसानीचा हिशेब कोठेही लागत नाही. जॉन स्टुअर्ट मिल यांनी १८५९ मध्ये हाच मुद्दा मांडला होता. दाबलेले मत खरे असेल, तर आपण सत्याला मुकतो. खोटे असेल, तर त्याच्याशी झुंजून आपले मत पक्के करण्याची संधी गमावतो.

पण याच युक्तिवादाची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. व्यक्तिगत अपमान सहन करत राहिलेली चर्चा खुली राहत नाही. अल्बर्ट हर्शमन यांनी १९७० मध्ये दाखवल्याप्रमाणे, संस्था खालावू लागली की सदस्यापुढे दोन मार्ग असतात : आवाज उठवणे किंवा निघून जाणे. आवाज उठवण्याची किंमत जास्त असली, तर माणसे गाजावाजा न करता निघून जातात. आणि निघून जाणारे कोण असतात? घरात पहिल्यांदाच पदवीपर्यंत पोहोचलेला विद्यार्थी, प्रमाणभाषा सफाईने न बोलणारी विद्यार्थिनी, इंग्रजी शब्दांच्या माऱ्यापुढे संकोचणारा ग्रामीण तरुण. ज्यांच्या अनुभवाची चर्चेला सर्वाधिक गरज, तेच प्रथम गप्प होतात. अपमानाला आळा घालणे आणि मताला मोकळीक देणे ही म्हणूनच परस्परविरोधी कामे नाहीत. संविधानाचा अनुच्छेद १२० येथे पुन्हा मार्गदर्शक ठरतो. हिंदी किंवा इंग्रजीतून स्वतःला पुरेसे व्यक्त करू न शकणाऱ्या संसद सदस्याला मातृभाषेतून बोलण्याची परवानगी पीठासीन अधिकारी देऊ शकतात. देशाच्या सर्वोच्च सभागृहात जी सवड आहे, ती आपल्या मंडळात का नसावी?

अभ्यासमंडळासाठी आठ सूत्रे

आतापर्यंतच्या विवेचनातून पुढील सूत्रे निघतात :

१. नियम सर्व सदस्यांनी मिळून करावेत, लिहून ठेवावेत आणि नव्या सदस्याला पहिल्याच दिवशी द्यावेत.

२. नियम थोडे, नेमके आणि वर्तनापुरते असावेत. एखादे मत आधीच निषिद्ध ठरवू नये.

३. वेळेची मर्यादा सर्वांना सारखी असावी. न बोललेल्याला दुसऱ्यांदा बोलणाऱ्याच्या आधी संधी मिळावी.

४. विरोध करण्यापूर्वी समोरच्याचे म्हणणे त्याला मान्य होईल अशा शब्दांत सांगावे. पूर्वपक्षाची ही शिस्त बहुतेक गैरसमज मुळातच टाळते.

५. विधानाला आधार मागण्याचा अधिकार प्रत्येकाला असावा, आणि तो ज्येष्ठ-कनिष्ठ असा भेद न करता वापरता यावा.

६. कारवाई पायरीपायरीने व्हावी : आधी खासगीत सूचना, मग सर्वांसमोर ताकीद, मग ठरावीक मुदतीचा विराम. प्रत्येक वेळी कोणता नियम मोडला, ते सांगावे आणि संबंधितांचे म्हणणे ऐकावे.

७. समन्वयकाच्या निर्णयाविरुद्ध दाद मागण्याची सोय असावी, आणि दाद ऐकणाऱ्यांत तोच समन्वयक नसावा.

८. समन्वयकपद आळीपाळीने बदलावे. आज नियम लावणारा उद्या नियमाखाली येणार असेल, तर तो आजच सावधपणे वागतो.

यांतील शेवटचे सूत्र मला सर्वांत परिणामकारक वाटते. उपदेशाने जे साधत नाही, ते योग्य प्रेरणांच्या रचनेने साधते.

उद्याची खुर्ची

मित्रहो, हे सारे आपण आजच्या मंडळापुरते शिकत नाही. १४ सप्टेंबर २००६ च्या पर्यावरणीय आघात मूल्यमापन अधिसूचनेनुसार अनेक प्रकल्पांसाठी जनसुनावणी आवश्यक असते. तिचे संचालन जिल्हाधिकारी किंवा अतिरिक्त जिल्हा दंडाधिकाऱ्याहून कमी दर्जाचा नसलेला त्यांचा प्रतिनिधी करतो. लोकांना किमान तीस दिवसांची पूर्वसूचना द्यावी लागते. उपस्थित प्रत्येकाला माहिती किंवा खुलासा मागण्याची संधी मिळावी लागते. कामकाजाचे चित्रीकरण होते. अखेरीस सर्व मते आणि आक्षेप अचूकपणे नोंदवलेला सारांश स्थानिक भाषेत समजावून वाचून दाखवायचा असतो, आणि संमत इतिवृत्तावर त्याच दिवशी स्वाक्षरी करायची असते. २०१३ च्या भूसंपादन कायद्यातही सामाजिक परिणाम मूल्यमापनासाठी सार्वजनिक सुनावणीची तरतूद आहे.

समान संधी, समजेल अशी भाषा, उघड नोंद ही आपण आज पाहिलेली तत्त्वे येथे कायद्याच्या शब्दांत आली आहेत. पण कायदा सांगाडा देतो. त्यात प्राण भरणे खुर्चीवर बसलेल्या अधिकाऱ्याच्या हाती असते. प्रकल्पाच्या बाजूचे सादरीकरण सफाईदार असेल, तक्ते असतील, तज्ज्ञ असतील. दुसऱ्या बाजूला एखादी वृद्ध शेतकरी महिला उभी राहील आणि आपल्या विहिरीचे पाणी कोठे जाणार, एवढेच विचारील. तिचे बोलणे लांबेल, क्रम सुटेल, तांत्रिक शब्द येणार नाहीत. तिला थांबवायचे की तिचा प्रश्न नेमक्या शब्दांत नोंदवून घ्यायचा, हे ठरवायला त्या क्षणी कोणतेही पुस्तक उघडता येणार नाही.

तेथे उपयोगी पडेल, ती फक्त सवय. आपल्याला न पटणारे मत पूर्ण ऐकण्याची, निर्णयाची कारणे देण्याची, आपल्या अधिकाराला स्वतःच मर्यादा घालण्याची ही सवय पद मिळाल्यावर लागत नाही. ती आजच्या अभ्यासमंडळात, आपल्या बरोबरीच्या मित्रांमध्ये, कोणताही अधिकार नसतानाच लावून घ्यावी लागते. त्या कामी आपणा सर्वांना सुयश चिंतितो.